निरगुडीच्या शेजारणी

आमची शेवंतामावशी नवं रोप आणलं का आधी अंगणातल्या निरगुडीपुढं धरे. "पाय वं, हे तुह्यापाशी राहीन. भांडू नोको." मंगच खड्डा करे. मी इतके वर्षं शेजारी राहिलो, माही ओळख काही तिनं त्या झुडपाशी करून देल्ली नाही.

उन्हाळ्यात घरांची अख्खी लाईन नळावर भांडे, मावशी निवांत. "निरगुडीले पाण्याचे लाड चालत नाही. पाल्याचा वास जाते."

एकदा मी मोठेपणा केला. बर्डीच्या बाजारातून गुलाबाचं रोप आणलं, सायकलच्या हँडलले बांधून. घरी येऊस्तोवर अर्धे काटे माह्याच अंगात.

"काहून गा शिवराम, याले पाणी किती लागते?"

"रोज."

"मंग त्या पाण्यानं निरगुडीच्या मुळ्या सडतीन का नाही?"

"सडतीन."

मी शाळेत कधी गेलो नाही, पण त्या दिवशी नापास झालो.

निरगुडीच्या अंगावर तिनं शतावरी चढवली होती. खाली तुळस अन ओवा. सारे कमी पाण्यातले, अन सारे एकाच कामाचे. एकुलती लेक कमल भिलाईले देल्ली होती. ती पहिल्या बाळंतपणाले येणार. पाला आंघोळीच्या पाण्यात, शतावरी दुधासाठी, ओवा धुरीले.

"कमल आली का तुह्याशी बोलाले मले टाइम नाही भेटणार."

"आता कुठं भेटते, मावशी?"

कमल नाही आली. जवाई आला. डॉक्टरनं प्रवास बंद केला होता, पोरगी तिथंच झाली, दोघी बऱ्या हायेत म्हणे. "चाला ना, आई." पण लेकीच्या घरी जाऊन राहाची आमच्यात रीत नाही.

"बरं झालं," मावशी म्हणाली. विळा घेऊन साऱ्या निरगुडीचा पाला उतरवला, शतावरी खणली, गाठोडं बांधून देल्लं. जवाई उठला.

"थांबा, जवाईबापू. पाणी किती गरम, ते राहिलंच."

चुलीवर पाण्याचा गंज ठेवला, गाठोड्यातला मूठभर पाला टाकला. मनगट बुडवून पायलं, थोडं थंड ओतलं, परत पायलं. मंग जवाईचा हात धरून पाण्यात घातला.

"एवढं. ध्यानात राहीन?"

"राहीन, आई."

गाडीची वेळ झाली, हे सांगाले मी दारात आलो होतो. पाणी थंड होऊन राहिलं होतं, मावशी हात सोडे ना. जवाईबी काढे ना. मी आल्या पावली मागं सरलो.