धुरीकाकांची वही, माझी सही

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलताना घसा मोकळा राहील. आमच्या खालच्या मजल्यावरच्या धुरीकाकांच्या वहीतल्या सदतीस पानांवर मी न वाचता सही केली. वाचलं, तपासलं, बरोबर आहे, अशा अर्थाची सही. त्या सदतीसांतल्या एका पानावर काकांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. ते कोणाकडे काही मागणारे नव्हेत. पण धुरीकाका कोण हे कळल्याशिवाय माझा गुन्हा केवढा आहे ते तुम्हाला कळायचं नाही.

शंकर धुरी, वय एकाहत्तर, मुक्काम दिंडोशी, आमच्या वसाहतीतली सात नंबरची इमारत, पहिला मजला. हा माणूस रोज इंग्रजीत एक पान लिहितो. विषय रोज एकच: मला आवडणारी एखादी वस्तू किंवा मला आवडणारा एखादा माणूस. वर मधोमध 'माय फेवरिट' आणि पुढे त्या दिवसाचं जे काय असेल ते. 'माय फेवरिट पाना.' 'माय फेवरिट जिना.' 'माय फेवरिट माणूस, भाग चौदा.' मधोमध म्हणजे मधोमध. स्टीलच्या पट्टीने दोन्हीकडून मोजायचं, आणि डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त निघाला की पान फाडून पुन्हा पहिल्यापासून.

याला कारण मरोळ. तिथल्या एका कारखान्यात काकांनी चौतीस वर्षं डाय बनवल्या. डाय म्हणजे लोखंडी साचा, ज्यातून एकसारखे भाग हजारांनी दाबून काढतात. "वेल्डर चुकला तर एक तुकडा जातो, सतीश," काका मला सांगतात, "डायवाला चुकला तर एकच चूक दहा हजार वेळा होते. म्हणून आम्ही झोपेतसुद्धा मोजतो."

कारखाना सुटला, पण कारखान्याची बोली सुटली नाही. लिहिलेल्या पानाला ते 'जॉब' म्हणतात. खोडाखोड झाली की 'रीवर्क'. आणि मी म्हणजे 'इन्स्पेक्शन'.

माझी ही नेमणूक लिफ्टमध्ये झाली. तळमजला ते पहिला मजला, एवढ्या वेळात.

"तू ऑफिसात काय करतोस रे?"

"इंग्रजीत पत्रं लिहितो काका. दुसऱ्यांनी लिहिलेली तपासतो."

"मग झालं तर. उद्यापासून माझं इन्स्पेक्शन तुझ्याकडे."

मी हो म्हणालो की नाही, हे बघायला ते थांबलेच नाहीत. पहिला मजला आला आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबर सात वाजता बेल वाजली. दोन छोटे ठोके. दारात काका, हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं लाल बॉलपेन. नीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आत या ना काका, चहा टाकते." काका दोन पावलं मागे सरले.

"इन्स्पेक्शनकडे चहा घ्यायचा नसतो, नीता. वाकडा जॉब सरळ दिसायला लागतो."

सकाळी ते वही परत न्यायला येत. मी दुरुस्त्या करून खाली सही आणि तारीख घालायची, असा नियम. त्या सहीवर त्यांचा फार विश्वास. कारखान्यात म्हणे एक इन्स्पेक्टर माल न मोजताच पास करायचा. त्याच्याबद्दल बोलताना, तीस वर्षांनंतरही, काकांचा आवाज खाली येतो. "चोर परवडला," ते म्हणतात. "चोर निदान चोरी करायला येतो तरी."

पहिले तीन महिने मी खरंच वाचलं, आणि मला मजा आली. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या सूचनांसारखं. आखूड वाक्यं, एकही फालतू शब्द नाही. मी एकदा सुचवून पाहिलं, "काका, मोठ्या माणसांवर लिहा ना. एखादा शास्त्रज्ञ, एखादा खेळाडू."

"त्यांच्यावर लिहायला पुष्कळ मेले बसलेत. आमच्या शेवंताबाईवर कोण लिहिणार?"

शेवंताबाई कारखान्याची कॅन्टीन चालवायची. दीडशे माणसांपैकी कोणाला किती साखर लागते हे तिला तोंडपाठ, आणि ज्याच्या घरी काही झालं असेल त्याच्या कपात ती न सांगता अर्धा चमचा जास्त घालायची. आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसचा एक कंडक्टर होता, साप रस्ता ओलांडेपर्यंत बस थांबवून सगळ्या प्रवाशांना गप्प बसवणारा. मढची एक कोळीण होती, जिने वीस वर्षांत तीन वेळा टोपली झाकून "आज नको घेऊ, भाऊ, ताजी नाही" असं सांगितलं होतं. काकांनी ते तिन्ही प्रसंग वारासकट लिहिले होते. ही त्यांची थोर माणसं.

हळूहळू वसाहतीत बातमी पसरली की धुरीकाका लोकांवर लिहितात. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी राणेसाहेब एकदम गोड झाले. काका दिसले की लिफ्टचं दार धरून उभे राहायचे, "या, या, धुरीसाहेब, तब्येत काय म्हणते?" आणि तब्येत काय म्हणते हे ऐकायच्या आत सोसायटीसाठी आपण काय काय केलं त्याची यादी सांगायचे. तीन आठवडे त्यांनी दार धरलं. चौथ्या आठवड्यात काकांनी पान लिहिलं: 'माय फेवरिट लिफ्ट.' त्यातलं मुख्य वाक्य, मराठीत सांगायचं तर, ती माणसाला वर नेते आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

मग माझी चूक सुरू झाली. चूक सुरू होताना चुकीसारखी दिसत नाही, दमल्यासारखी दिसते. ऑफिसात नवीन साहेब आला, दिवसभर पत्रंच पत्रं. घरी येऊन आणखी एक पान वाचायचं जिवावर यायला लागलं. एके दिवशी मी वही उघडली आणि सरळ तळाशी गेलो. सही, तारीख, बंद.

"अरे सतीश, वाच तरी," नीता म्हणाली.

"वाचतो गं नंतर. पळून चाललंय का?"

नंतर कधी आलंच नाही. सगळं खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगतो. सही खरी वाटावी म्हणून मी दर दोन पानांआड एखाद्या स्वल्पविरामाला उगाच लाल गोल करायचो. बरोबर असलेल्या स्वल्पविरामाला. आणि काका खाली जाऊन, ते पान समोर ठेवून, आपलं काय चुकलं ते शोधत बसायचे. एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, "तो कालचा गोल मला उमगला नाही रे. पण तू केलास म्हणजे असणार काहीतरी." मी म्हणालो, "बारीक आहे काका. सवयीने कळेल."

एका शुक्रवारी सकाळी मी स्कूटर काढून गेटबाहेर पडत होतो. काका गेटपाशी उभे. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात कापडी पिशवी.

"काय काका, लग्नाला वाटतं?"

त्यांनी हात वर केला. मला वाटलं, टाटा करतायत. मीही हात हलवला आणि निघालो.

त्यानंतर आठ दिवस बेल वाजली नाही. मी चौकशी केली असेल असं तुम्हाला वाटत असेल. मी पाय पसरून टीव्ही बघितला. नवव्या दिवशी, काका आजारी तर नाहीत ना म्हणून, नीता पेज घेऊन खाली गेली आणि पाच मिनिटांत वर आली.

"काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मोतीबिंदू. एकटेच गेले होते."

मी तसाच खाली धावलो. काका खुर्चीत, एका डोळ्यावर हिरवी झापड, चेहरा मात्र एखादा अवघड जॉब काढल्यासारखा.

"ये, ये. अरे, मजाच झाली. इस्पितळवाले म्हणाले, सोबत माणूस पाहिजे, त्याशिवाय आत घेत नाही. मी बाहेर आलो. ज्या रिक्षाने गेलो तो रिक्षावाला अजून तिथेच. म्हटलं, भाई, दो घंटा रुकेगा? तो म्हणाला, रुकूंगा चाचा, बीडी पीने दो. मग सोबतचा माणूस म्हणून त्याने सही केली. ऑपरेशन झाल्यावर हाताला धरून जिना चढवला मेल्याने. डोळा सुटला की पहिलं पान त्याच्यावर."

मग म्हणाले, "महिनाभर लिहायचं नाही, वाचायचं नाही. तू मला मागची चार-पाच पानं वाचून दाखव. हात बंद असला तरी कान चालू राहू दे."

मी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागलो. तिसरं पान होतं 'माय फेवरिट शेजारी.' इंग्रजीत होतं, मराठीत सांगतो.

'माझा आवडता शेजारी वरच्या मजल्यावर राहतो. तो दिवसभर ऑफिसात इंग्रजी वाचतो आणि घरी येऊन माझं वाचतो. बायको गेल्यापासून माझं म्हणणं शेवटच्या ओळीपर्यंत जाणारा तो एकटाच. शुक्रवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटत नाही, थोडी वाटते. मी सव्वासातला गेटपाशी उभा राहीन. तो आला तर मला आवडेल. त्याने काही बोलायची गरज नाही.'

खाली माझी सही. तारीख, त्या आधीच्या बुधवारची. आणि 'थोडी वाटते'च्या अलीकडच्या स्वल्पविरामाला एक लाल गोल.

"थांबलास का? संपलं ना ते?" काका म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. तुझी मीटिंग असणार, हे मी गेटवरच ओळखलं. गडबडीत दिसलास."

तो क्षण माझ्या हातात होता. मी म्हणालो, "हो काका. मीटिंग होती."

मग, काहीतरी बोलायचं म्हणून, मी उलट त्यांनाच विचारलं, "पण मला सरळ का नाही सांगितलंत? जिन्यात रोज भेटतो आपण."

काका जरा वेळ झापडीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "मराठीत मला मागता येत नाही रे. मराठीत मी बायकोला कधी म्हटलं नाही की तू मला आवडतेस. चाळीस वर्षं राहून गेलं. इंग्रजीत लिहिलं की वाटतं, हे दुसराच कोणीतरी बोलतोय, मी नुसता नेऊन पोचवतोय. म्हणून तर शिकायला घेतलं. उशीर झाला, पण हात बसला."

वही मी वर घेऊन आलो. न वाचलेली पानं मोजली, सदतीस भरली, आणि दोन दिवसांत सगळी वाचली. त्यात एक पान काकूंवर होतं. ते मी इथे सांगणार नाही. ते पान वाचल्यावर मला कळलं की इंग्रजीचा सराव वगैरे सगळं त्या एका पानासाठी चाललं होतं, आणि त्याखाली माझी न वाचता केलेली सही होती.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी ठरलं. या वेळी मी रजा टाकली. सोबतचा माणूस म्हणून सही केली, आणि ती करण्याआधी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. बाहेरच्या बाकांवर दहा-बारा म्हातारी माणसं डोळे मिटून बसली होती. सिस्टर दर दहा मिनिटांनी थेंब घालत होती. काकांचं कानातलं ऐकायचं यंत्र तिने काढून माझ्या हातात दिलं होतं.

"काका, त्या दिवशी मीटिंग नव्हती," मी हळूच म्हणालो.

"काय?"

"मीटिंग नव्हती."

"मोठ्याने बोल रे, यंत्र तुझ्याकडे आहे."

"मीटिंग नव्हती!"

अख्खा बाक माझ्याकडे वळला. मिटलेल्या डोळ्यांनीच वळला.

"मग आला का नाहीस?"

"मी ते पान वाचलंच नव्हतं!"

"सही होती."

"न वाचता केली होती!"

काकांची बोटं गुडघ्यावर थांबली. "किती पानं?"

"सदतीस!"

"ती आहे त्यात?"

ती म्हणजे कोण, हे विचारावं लागलं नाही. "काकू पण आहेत. नंतर वाचलं, काका. सगळं नंतर वाचलं."

पलीकडच्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "मुलगा आहे वाटतं." तेवढ्यात सिस्टरने दार उघडलं आणि नाव पुकारलं. काका उठले, हाताने हवा चाचपली. मी दंड धरला. त्यांनी तो सोडवला नाही, पण माझ्याकडे तोंडही केलं नाही. दार चार पावलांवर होतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो, पण कुजबुजून भागणार नव्हतं, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "तुम्ही गेटपाशी माझी वाट बघत होतात, काका, आणि मी हात हलवून निघून गेलो. वर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."