देव जेवायलेत

आमच्या समोरच्या फ्लॅटची बेल दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये वाजवली तर दार अर्धंच उघडतं. फटीतून साळुंकेकाकांचं डोकं बाहेर येतं, बोट ओठांवर जातं आणि दबक्या आवाजात उत्तर मिळतं, "देव जेवायलेत." मग दार बंद. कुरियरवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर मतदारयादी तपासायला आलेल्या बाई असोत. त्या बाईंनी तर देव घरातले कोण लागतात आणि त्यांचं वय काय, असंही विचारलं होतं.

काका मूळचे परभणीकडचे. तरुणपणी पिंपरीत आले, एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये छत्तीस वर्षं पत्रा दाबला आणि निवृत्तीनंतर चऱ्होलीत आमच्या सोसायटीत राहायला आले. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंगळुरूला असतो. काका एकटेच राहतात, स्वतः रांधतात आणि रोज देवाला नैवेद्य दाखवतात.

आता नैवेद्य काय, माझी आईही दाखवायची. पण कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. जमिनीवर पाण्याचा चौकोन, त्यावर ताट, वरणभातावर तुळशीचं पान, ताटाभोवती पाणी फिरवायचं, 'प्राणाय स्वाहा' म्हणत घास भरवल्यासारखा हात हलवायचा, डोळे मिटायचे आणि उघडले की ताट बाबांपुढे. देव भावाचा भुकेला, त्याला कितीसा वेळ लागतोय, असं तिचं म्हणणं.

काकांचा देव जेवायला वीस मिनिटं घेतो. तेवढा वेळ काका देवघरासमोर स्टुलावर बसून असतात, तेही देवाकडे पाठ करून. मी कारण विचारलं तर म्हणाले, "खाणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नाही, दृष्ट लागती. अन् त्याला एकट्याला सोडून बी जाऊ नाही."

देवाआधी चाखायचं नाही म्हणून मीठ अंदाजाने पडतं. प्रसादाची वाटी आमच्याकडे येते त्यामुळे हा अंदाज किती चुकू शकतो ते मला माहीत आहे. एकदा वांग्याची भाजी इतकी खारट होती की माझ्या नवऱ्याने ती लोणचं म्हणून दोन दिवस पुरवली. पण वाटी गरम आहे का ते मात्र काका गालाला लावून बघतात. फार गरम असली तर फुंकर नाही मारत, उष्टं होतं ना. वर्तमानपत्राने वारा घालतात. भाजीतल्या मिरच्या वेचून बाजूला काढतात. आणि दहा मिनिटं झाली की मान खाली घालून वळतात आणि विचारतात, "आणखी वाढू?" जरा थांबतात. मग अर्धी पोळी ताटात ठेवतात.

दोनदा नैवेद्य कोणी दाखवतं का, असं मी विचारलं होतं. "एकदा वाढून गप बसायचं? पाव्हण्याला आपण आग्रह करताव का नाही?" हे उत्तर त्यांच्याकडे तयारच होतं. आणि त्याच्या शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य, "जेवणाऱ्याला घाई करू नाही."

मी घाईचीच बाई. चाकणला एका कंपनीत माल पाठवायचं काम बघते. कुठला ट्रक किती वाजता सुटला, यावर माझा रक्तदाब ठरतो. डबा खाते तोही खांद्याला फोन लावून. त्यात मी सोसायटीची सेक्रेटरी, कारण ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला मी हजर नव्हते. यंदाच्या गणपतीत नैवेद्याचं काम मीच काकांकडे सोपवलं. माणूस हौशी आहे, करू दे म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी आरती झाली. पोरं हात पुढे करून उभी. काकांनी मखरासमोर चादर लावली, तिला कपड्यांचे चिमटे अडकवले आणि घड्याळ लावून बसले. वीस मिनिटं शंभरेक माणसं मोदकांच्या वासात उभी होती. सी विंगचे पेडणेकर खिशातला बिस्किटाचा पुडा काढून, मला शुगर आहे, असं सगळ्यांना सांगत खात होते. दुसऱ्या दिवसापासून लोक वीस मिनिटं उशिरा यायला लागले, तेव्हा तेही निभावलं.

पाचव्या दिवशी विसर्जन. टेम्पो दुपारी तीनचा ठरवलेला. ड्रायव्हरला पुढे दुसऱ्या सोसायटीचं भाडं होतं. उत्तरपूजा लांबली आणि काकांनी दहीभाताचं ताट ठेवलं तेव्हा सव्वातीन वाजले होते. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, ढोलवाले घड्याळ दाखवतायत, माझा फोन सारखा वाजतोय. मी चादरीच्या आत गेले. काका पाठ करून स्टुलावर बसले होते.

आजच्या दिवस पाच मिनिटांत उरका, असं मी म्हटलं. त्यांनी शांतपणे आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. माझा तोल गेला.

"काका, देव काही खरंच जेवत नाही. एक शीत तरी हललंय का?"

बोलले आणि जीभ चावली. पण काका रागावले नाहीत.

"मला माहीत हाय ते," ते म्हणाले. मग चादरीकडेच बघत हळूहळू सांगायला लागले. छत्तीस वर्षं काकूंनी त्यांना वाढलं. हे जेवून कंपनीच्या बसला पळायचे. काकू मागनं, स्वयंपाकघरात बसून जेवायच्या. त्या जेवताना यांनी कधी पाहिलंच नाही. शेवटच्या आजारात दवाखान्यात चमच्याने मऊ भात भरवायची वेळ आली, तेव्हा यांना कळलं की बाई फार सावकाश जेवते.

"एक दिवस मी घड्याळाकडं बघितलं अन् म्हणलं, आवर की लवकर. कुठं जायचं नव्हतं मला, ताई. रिटायर झालेला माणूस. तोंडाला सवय होती. तिनं वाटी सारली अन् म्हणली, झालं माझं. अर्धा भात तसाच होता. त्याच्यानंतर काई खाल्लंच नाही तिनं."

मला रडू आलं. स्वतःची लाजही वाटली. फोन बंद केला आणि शेजारच्या खुर्चीवर देवाकडे पाठ करून मीही बसले. बाहेर हॉर्न वाजत राहिला, मग थांबला. दहा मिनिटं झाल्यावर काकांनी मान खाली घालून विचारलं, "आणखी वाढू?" आणि पातेल्यातला दहीभात ताटात घातला.

टेम्पो अर्थातच निघून गेला. लोकांची बोलणी मी खाल्ली. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या हातापाया पडून त्याचा टेम्पो मिळवला आणि आमचे बाप्पा कोथिंबिरीच्या काड्यांवर बसून हौदाकडे गेले.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मी घरी होते. एक वाजून गेल्यावर प्रसादाची रिकामी वाटी द्यायला समोर गेले. दार लोटलेलंच होतं. काका ओट्यापाशी उभे राहून जेवत होते. नैवेद्याचंच ताट, गार झालेलं. घास नीट चावतही नव्हते, जणू खाली कंपनीची बस उभी होती. टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग.

मी तो उचलला, खुर्ची ओढली आणि बसा म्हटलं. ते संकोचून बसले. मी खिडकीकडे तोंड करून बसले. आधी त्यांचे भराभर घास ऐकू येत होते, मग मध्ये मध्ये थोडं थांबणं यायला लागलं. बऱ्याच वेळाने मी मान खाली घालून विचारलं, "काका, आणखी वाढू?"

टेबलावर ताट माझ्याकडे सरकल्याचा आवाज आला.

"अर्धी वाढा," ते म्हणाले.

मी अर्धी भाकरी वाढत होते तेवढ्यात बेल वाजली. कुरियरवाला होता. मी दार अर्धंच उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला हळूच सांगितलं, "काका जेवायलेत."