पाचवा शब्द

दामूगुरुजी भेटले की "कसं काय" विचारत नाहीत. "नारळ, होडी, घंटा, चावी, जास्वंद. लक्षात ठेव, मागाहून विचारीन!" म्हणतात.

आगरदांड्याच्या जेट्टीवर माझं चहाचं दुकान आहे. दिघीची बोट पकडायच्या घाईतल्या पाहुण्यालाही गुरुजींनी बाकावर बसवून कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलंय, अकरा वाजून दहा मिनिटांचं! मी एकदा 'घंटा' विसरलो. "देवळात टांगतात," एवढंच ते म्हणाले आणि आठवलं. "पास! खूण दिल्यावर आलं, म्हणजे शब्द आत आहे." चहा मात्र फुकट प्यायले.

हे खूळ सुमनकाकूंमुळे. गुरुजींच्या पत्नी. काकू विसरायला लागल्या, आमटीत तीनतीनदा मीठ पडायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचेही प्रकार असतात. एकात खूण दिली की शब्द सापडतो, दुसऱ्यात तो आत साठतच नाही. प्रकार कळला की औषध ठरवता येतं. पण त्या दिवशी काकू घाबरून रडल्या, परीक्षा अर्धवट राहिली. महिन्यानं या, म्हणाले.

परीक्षा म्हटल्यावर जन्मभर चौथीच्या पोरांकडून स्कॉलरशिपची तयारी करून घेतलेला मास्तर गप्प बसतोय होय! डॉक्टरांनी विचारलेल्या त्याच पाच शब्दांची महिनाभर रोज सकाळी घोकंपट्टी. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत काकूंनी पाचही शब्द धडाधड म्हणून टाकले.

"गुरुजी, तुम्ही पेपर फोडलात! आता मी आजार ओळखू कसा?"

मग डॉक्टरांनी नवे शब्द दिले. खुणा देऊनही एकही आला नाही. दुसरा प्रकार. त्या दिवशी गुरुजींनी जेट्टीवर कुणालाच घड्याळ काढायला लावलं नाही. मला फार वाईट वाटलं.

परवा त्यांच्या घरी गेलो, तर शिकवणी चालूच.

"गुरुजी, निकाल लागला ना? आता कशाला?"

"पाचवा शब्द बदललाय. माझं नाव घातलंय. बाकी सगळं जाऊ दे रे, मी तरी आहे का तिच्या आत, एवढंच बघायचंय."

काकूंनी चार शब्द म्हटले. पाचव्याला अडल्या. उखाण्याशिवाय त्यांनी आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. गुरुजींनी खूण दिली, त्यांच्याच लग्नातल्या उखाण्याची पहिली ओळ: "खाडीत दिसली होडी, शिडात भरला वारा..."

काकू थांबल्या. पदर तोंडाला लावला, मान खाली घातली आणि म्हणाल्या, "इश्श!"

नाव आठवलं नाही की घेतलं नाही, ते डॉक्टरांनाही सांगता यायचं नाही. गुरुजी माझ्याकडे वळले. डोळे भरलेले.

"लाजली, बघितलंस? खूण दिल्यावर लाजली. आहे रे मी आत."