कळंबाईची डोली रिकामी जात नाही

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या हातचं नियोजन कधी फसत नाही! श्रीरामपुरात गणपती बसवायचा असो, शाळेची सहल असो, नाहीतर कुणाच्या म्हशीचं बारसं असो, लोक आधी माझ्याकडे यायचे. स्टेशनमास्तर माझ्याकडे बघून घड्याळ लावायचा म्हणे. म्हणजे असं मीच म्हणायचो. पण त्याने कधी नाकारलं नाही!

सन एकाहत्तरचा जानेवारी. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. डोंगरात मुलांचं शिबिर भरवायचं, आणि त्यात सगळी मुलं घ्यायची. सगळी म्हणजे सगळी! ज्याला दिसतं तो, ज्याला दिसत नाही तोही. ऐकू येणारा, न येणारा, उड्या मारणारा, कुबड्या घेतलेला. मशिदीमागच्या गल्लीतला, चर्चच्या आवारातला आणि उसाच्या फडातला. लोक म्हणाले, "मास्तर, तुम्हाला ऊन लागलंय!"

मी म्हणालो, "जानेवारीत?"

माझ्या खुळात दोनच माणसं सामील झाली. एक मनकर्णाबाई, बोर्डिंगात स्वयंपाक करायची. तिच्या हातातला झारा बघून हेडमास्तरसुद्धा रांगेत उभे राहायचे. दुसरा रशीद मांडववाला. तंबूंची सोय त्याच्याकडे. आणि धान्य-गाडीचा भार उचलला होता राधाकृष्णशेठ नावाच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याने. माणूस मनाने गुळासारखाच गोड, पण ढेपेसारखा घट्ट. एकदा बसला की हलायचा नाही.

"मास्तर," शेठ म्हणाले, "देतो सगळं. पण ती पांगळी-आंधळी पोरं झाडाखाली बसवायची, भजनं म्हणायला लावायची, खिचडी घालायची. डोंगरबिंगर चढायचा नाही! एकाला जरी लागलं, खरचटलं, तर शिबिर त्याच दिवशी बंद. गुरुवारी मी स्वतः येऊन बघणार!"

हे बोलणं दाराआड उभ्या असलेल्या विजयमालाने ऐकलं. तेरा वर्षांची पोर. पोलिओने दोन्ही पाय वाळवले होते, पायांना लोखंडी पट्ट्या, काखेत कुबड्या. जिभेला मात्र त्या आजाराने हात लावायची हिंमत केली नव्हती.

"मास्तर, मी वर जाणार ना?"

"जाणार!"

"आणि शेठजी आले तर?"

"अगं, ते येतील दुपारी! आपण सकाळीच निघणार. ते पोहोचेपर्यंत तू वरून त्यांच्या टोपीवर बोरं टाकत असशील!"

"वचन?"

"वचन!"

झालं! माझ्या तोंडून वचन आणि नळातून हवा, दोन्ही कधी सुटतील सांगता येत नाही.

राजूरच्या पुढे कळंबाईचा डोंगर. वर देवीचं देऊळ, पायथ्याला मोकळं रान, शेजारी वाडी. वाडीचं म्हातारं खोड म्हणजे सहादेवबाबा. मिशी अशी की तिच्यावर कावळ्याने घरटं बांधावं! राजूरच्या बाजारात मी त्याला गाठलं.

"बाबा, गुरुवारी कळंबाईच्या पायथ्याला आमचा मांडव आहे. अख्ख्या वाडीने यायचं!"

"मांडव? लई चांगलं. पाव्हणं कुठलं?"

"आम्ही श्रीरामपूरचे."

"आन् तिकडली मंडळी?"

मला वाटलं, आमच्याबरोबर येणाऱ्या दुसऱ्या शाळेच्या मुलांचं विचारतोय. म्हणालो, "तिकडली राहात्याची."

बाबाने मान डोलावली. मीही डोलावली. दोन शहाणी माणसं काही न विचारता एकमेकांकडे बघून मान डोलवायला लागली, की समजावं, आता काहीतरी भयंकर होणार!

बुधवारी संध्याकाळी मुलांना घेऊन पोहोचलो आणि रशीदने उभं केलेलं शिबिर बघितलं. तंबू नव्हताच. लग्नाचा मांडव होता! लाल-पिवळ्या झालरी, दारात दोन पुठ्ठ्याचे हत्ती, खांबाखांबाला केळीचे खुंट, वर आंब्याचं तोरण.

"रशीद! हे काय?"

"क्या करू मास्तर, तंबू सगळे कारखान्याच्या सभेला गेले. हा एकच उरला."

"अरे, मग केळी कशाला बांधलीस?"

रशीद दुखावला. "मास्तर, बापजाद्यापासून मांडव घालतो आम्ही. खांबाला केळी नाय बांधली तर माझा हात थरथरतो. मुलं झोपायची ना याच्याखाली? मग शकुनाचा नको?"

मुलांना मात्र मांडव भयंकर आवडला. कानिफनाथला दिसत नव्हतं, त्याने हत्ती सोंडेपासून शेपटीपर्यंत चाचपला आणि जाहीर केलं, "मास्तर, हा हत्ती उपाशी आहे. आत नुसती हवा!"

गुरुवारी सकाळी मनकर्णाबाईचे पोहे होऊन आम्ही निघणार, एवढ्यात वाडीकडून संबळ कडाडला. बघतो तर अख्खी वाडी! पुढे संबळ-पिपाणी, मागे नवी लुगडी नेसलेल्या बाया, कुणाच्या डोक्यावर तांदळाची पाटी, कुणाच्या कडेवर पोर. दोघांच्या खांद्यावर लाल कापडाने मढवलेली बांबूची डोली.

सहादेवबाबा फेटा सावरत म्हणाला, "मास्तर, उशीर तर न्हाई झाला? नवरा-नवरी कुठं हायती?"

"कसली नवरा-नवरी?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत धुरळा उडवत जीप आली. राधाकृष्णशेठ! दुपारी येणारा माणूस सकाळीच! गुळाच्या व्यापाऱ्याला मुंगीसारखा आधीच वास लागतो.

शेठ जीपमधून उतरले. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, गळ्यात उपरणं. वाडीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि एकमताने निकाल दिला.

"व्याही आलं! वाजवा रं!"

बाबाने शेठना कडकडून मिठी मारली. ही झाली व्याहीभेट! मग त्याच्या भावाने मारली, मग चुलत्याने, मग मामाने. शेठ प्रत्येक मिठीत बोटभर अरुंद होत गेले. कुणी टोपी काढून फेटा बांधला, कुणी हळद लावली.

"अहो, मी... शिबिर... मास्तर!"

"बोलू नका व्याही, आधी तोंड गोड करा!" म्हणत एका बाईने लिंबाएवढा गुळाचा खडा त्यांच्या तोंडात कोंबला. जन्मभर दुसऱ्यांना गूळ विकणारा माणूस, मंडळी, त्या दिवशी पहिल्यांदा गुळाने गप्प झाला!

मी मधे पडलो. "बाबा, घोटाळा झालाय! इथं लग्न नाही. हे मुलांचं शिबिर आहे. ही सगळी डोंगर चढायला आलीत."

संबळ थांबला. पिपाणीतून उरलेली हवा केविलवाणी बाहेर पडली.

"लगीन न्हाई?" बाबाची मिशी खाली आली. "आवं, आमी देवीची डोली भाईर काढली की! लग्नाची डोली एकदा भाईर निघाली की रिकामी मागं जात न्हाई. मानूस बसवून वर देवीला भेटवावी लागती. मागल्या खेपेला रिकामी ठिवली, तर साऱ्या वाडीच्या म्हशी आटल्या!"

सगळ्यांच्या नजरा विजयमालाकडे वळल्या. बाबाचा चेहरा उजळला. "ही पोर बसंल की! पाय न्हाईत बिचारीला. आमी फुलावानी वर नेतो."

तिकडे शेठजींनी गूळ खाली उतरवला होता. "हां! डोलीतच बसवा! चालायचं नाही! पाऊल टाकलंस तर शिबिर बंद!"

आता मंडळी, विचार करा. डोली तयार, भोई तयार, शेठही तयार. माझं वचनही पुरं होत होतं. मी म्हणालो, "बस ग विजयमाला."

ती जागची हलली नाही.

"मास्तर, बसायचंच होतं तर मी घरी बसतेच की! वचन कसलं दिलं होतं? मी वर जाणार असं. मला वर नेणार असं नाही."

आणि निघाली! खट-खट, खट-खट. कुबडी, पाय, कुबडी, पाय.

भोई रिकामी डोली घेऊन तसेच उभे. तेवढ्यात मनकर्णाबाईने झारा उगारला. "वाजवा की रं! मेल्याहो, पोर निघाली अन् तुमी बघत काय उभं ऱ्हायलाय?"

संबळवाल्याने कान टवकारले आणि नेमका तोच ठेका धरला. खट-खट, खट-खट! कानिफनाथने त्याच्या सदऱ्याचं टोक पकडलं. ऐकू न येणारी गौहर दुसऱ्या बाजूने आली आणि संबळावर तळवा ठेवून पाय टाकू लागली. आणि वाडीची रीत अशी, की वरात निघाली की तिच्यापुढे कुणी जायचं नाही. त्यामुळे अख्खी वाडी, चाळीस पोरं, दोन भोई, रशीद, मनकर्णाबाई आणि फेट्यातले शेठजी, सगळे विजयमालाच्या चालीने! ती थांबली की वाडी थांबायची. तिने घाम पुसला की बाबाही पुसायचा.

वाट अवघड होती. एका कातळापाशी तिची कुबडी सटकली, गुडघा टेकला. मी धावलो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी धावतोय कशाला हेच विसरलो. ती उठली. पुन्हा खट-खट!

आता माझ्यासारख्या माणसाने मागे राहून चालेल का? नियोजन कुणाचं? मी रीत मोडून पुढे गेलो, वरातीकडे तोंड केलं आणि उलटा चालत, हात हलवत, सगळ्यांना हुरूप देऊ लागलो. "शाब्बास! पाऊल जपून! वाटेकडे लक्ष द्या!"

माझं स्वतःचं लक्ष मात्र वाटेकडे नव्हतं, कारण वाट माझ्या पाठीमागे होती.

पायाखाली गोल धोंडा आला. आभाळ खाली आलं, डोंगर वर गेला, आणि मी करवंदीच्या जाळीत अंतर्धान पावलो! दोघांनी ओढून काढलं तेव्हा घोटा असा सुजला होता की राहात्याच्या पेरूने लाजून पानाआड जावं.

शेठजी गरजले, "लागलं! एकाला लागलं! शिबिर बंद!"

विजयमाला वळली. "शेठजी, तुम्ही मुलांबद्दल म्हणाला होतात. मास्तर कुठं मूल आहेत?"

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मिशीत एक करवंदीचा काटा अडकला होता. त्यांनी तो उपटून फेकला.

सहादेवबाबा मात्र आनंदाने ओरडला, "देवीनं मानूस निवडला! उचला रं!"

"अहो, मी नाही..."

"डोलीत बसल्यावं बोलायचं न्हाई!"

मला डोलीत कोंबलं. बायांनी तोंडावर लाल पदर ओढला, कारण डोलीतल्या माणसाचं तोंड देवीच्या आधी कुणी बघायचं नाही. मनकर्णाबाईने हसून हसून डोळे पुसत माझी तांदूळ-नारळाने ओटी भरली. रशीद शेजारून चालत म्हणाला, "मास्तर, केळी बांधली ते बरं झालं ना? शकुनाचं झालं!"

माथा आला तो मी पदराच्या फटीतून पाहिला. देवळाच्या पायरीवर पहिलं काय टेकलं? विजयमालाची कुबडी! मग लोखंडी पट्टीतला पाय. मग दुसरा. संबळ असा घुमला की पिंपळावरची वटवाघळं दिवसाढवळ्या घर सोडून गेली.

कानिफनाथने हात पसरले. "मास्तर, वारा चारी बाजूंनी येतोय. म्हणजे आता वर काहीच उरलं नाही ना?"

"काही नाही उरलं रे!" मी पदराआडून म्हणालो. पदर होता ते बरंच झालं.

सगळ्यात शेवटी राधाकृष्णशेठ आले. गौहर पुढून ओढत होती, दोघं पोरं मागून ढकलत होती. फेटा एका डोळ्यावर. ते पायरीखाली टेकले आणि भात्यासारखे श्वास घेऊ लागले. वरून टप्पकन एक बोर त्यांच्या फेट्यावर पडलं. मग दुसरं. वर पायरीवर विजयमाला ओंजळ घेऊन बसली होती.

शेठनी ते बोर उचललं, धोतराला पुसलं, तोंडात टाकलं. बी थुंकली.

"मास्तर," ते डोलीकडे बघून म्हणाले, "पुढच्या वर्षी डोंगर कुठला?"

त्यानंतर ते शिबिर पुष्कळ वर्षं चाललं. रशीदने दर वर्षी केळी बांधली आणि शेठ दर वर्षी सगळ्यांच्या मागून वर पोहोचले. विजयमाला पुढे स्वतः शिबिर चालवू लागली, आणि उलटं चालायला तिने सगळ्यांना सक्त मनाई केली.

राहता राहिलो मी. कळंबाईच्या डोलीतून जो वर जातो, तो वाडीचा जन्माचा पाहुणा, आणि डोलीच्या मानाचंच नाव त्याला कायम चिकटतं. आजही राजूरच्या बाजारात गेलो की भाजीवाली राहीबाई चारचौघांत हाक मारते, "काय नवरीबाई, सासरी बरं हाय ना?"

असो. नियोजन माझंच होतं, मंडळी! फक्त नवरीचं तेवढं आयत्या वेळी ठरलं.