सासूबाईंचा अर्क आणि माझी कोळंबी

अख्ख्या प्लोवदिव शहरात वनस्पतींचे अर्क तपासावेत तर ते मीच! निदान त्या रविवारच्या सकाळपर्यंत तरी माझं असं ठाम मत होतं.

आमच्या सासूबाई स्तामेना वर डोंगरात राहतात. गुडघेदुखीवर त्या एक अर्क करतात. रानातली मुळं, पाला, फुलं बरणीत महिनाभर मुरवायची आणि गाळायची. यंदा गावच्या जत्रेत सगळ्यांना चाखायला द्यायचा, असं त्यांनी ठरवलं.

"ओग्न्यान, आधी तपासून दे रे," माझी बायको विहरा म्हणाली. "कुणाला काही झालं म्हणजे?"

"अगं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

आमच्या प्रयोगशाळेतली पद्धत सोपी. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्लं वाटीत सोडायची, अर्क घालायचा. पिल्लं पोहत राहिली तर अर्क निर्धोक. मेली तर विषारी. शनिवारी संध्याकाळी मी अर्क चांगला सढळ हातानं ओतला आणि शीळ घालत घरी आलो.

सकाळी प्रयोगशाळेत जाऊन पाहतो तर काय! सगळी पिल्लं तळाशी गार! एकही शेपूट हलेना!

मी फोन लावला. "सासूबाई, तो अर्क कुणाला देऊ नका!"

"उशीर झाला, जावईबापू! अर्ध्या गावानं घेतलासुद्धा. बँडवाले तर परत मागतायत!"

धावत घरी आलो, विहराला गाडीत कोंबलं आणि औषधाच्या दुकानातून विषावर देतात ती कोळशाची पूड पोतंभर उचलली.

"एवढी?" दुकानदार म्हणाला. "हत्तीनं विष खाल्लंय का?"

डोंगरातली वळणं मी अशी घेतली की विहरानं वाटेत सगळे संत आळवले. गावच्या चौकात बँड दणाणत होता, माणसं हातात हात घालून गोल नाचत होती. मी व्यासपीठावर झेपावलो आणि गायकाच्या हातून माइक हिसकावला.

"मंडळी, अजिबात घाबरू नका! फक्त, तुम्ही प्यायलात तो अर्क विषारी असावा!"

मग अशी किंकाळी उठली, काय सांगू!

"माझे पाय लटपटतायत!" सरपंच नायदेन ओरडले.

"तासभर नाचताय! लटपटतील नाही तर काय!" त्यांची बायको कडाडली.

"मला दोन-दोन पाद्री दिसतायत!" राइना आजी खाली बसल्या.

"आजी, तो माझा जुळा भाऊ आहे!" पाद्रीबाबा म्हणाले, आणि विहरा कोळशाची पूड वाटत होती त्या रांगेत गुपचूप घुसले.

घटकाभरात गावाची तोंडं इंजिनवाल्यांसारखी झाली. क्लॅरिनेटवाल्यानं घाबरून फुंकर मारली, तर सुराऐवजी काळा ढग बाहेर पडला! सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या.

"याच अर्कावर माझ्या आईनं नव्वदी गाठली! आणि तुम्ही चार किडे मेले म्हणून माझी जत्रा बुडवलीत?"

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, झोर्नित्साबाई.

"ओग्न्यान, टेबलावर काय कत्तल करून ठेवली आहेस? तो अर्क मुरवलाय कशात?"

"राकियात. घरच्या प्लमच्या. दोनदा गाळलेल्या."

"म्हणजे कडक दारूत! मग नुसती राकिया घालून दुसरी वाटी लावलीस का?"

मी हातातल्या माइकनं डोकं खाजवलं.

"अरे शहाण्या, अर्कानं नाही, दारूनं मेली ती! आधी दारूची वाफ करून ती उडवायची, मग तपासायचं! पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो आपण हे!"

दुर्दैवानं फोन स्पीकरवर होता आणि माइक चालूच होता.

मग अख्खं गाव काळे दात दाखवत असं हसलं, की पाद्रीबाबांना उचकी लागली! बँड पुन्हा सुरू झाला आणि लोक तोंड धुवायलाही न जाता अर्काकडे धावले. दुपारच्या आत बरणी रिकामी!

दोन दिवसांनी झोर्नित्साबाईंनी दारू उडवून अर्क तपासला. पिल्लं मजेत पोहली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता आम्ही सासुरवाडीला जेवायला गेलो, की भरल्या मिरच्यांचं पातेलं आधी माझ्यासमोर येतं. सगळे सुरी-काटे खाली ठेवून माझ्याकडे टक लावून बसतात.

"खा, जावईबापू," सासूबाई गोड हसून म्हणतात. "तुम्ही हलताय तोवर बाकीच्यांना वाढते!"