अजून नाही

सुमनअक्का कुणाशी हात मिळवत नाहीत, थेट मनगट धरतात. आपण नमस्कारासाठी हात उचलायचा अवकाश, त्यांची तीन बोटं आपल्या नाडीवर आणि डोळे स्वतःच्या घड्याळावर. ‘स्वल्प थांब,’ म्हणतात, आणि पुढचं अर्धं मिनिट जिन्यात कुणी ब्र काढत नाही. एकोणीस वर्षं झाली, मी त्या अर्ध्या मिनिटाला सरावलेलो नाही. त्यांनी हात धरला की माझी नाडी घाबरून पळते, ती पळते म्हणून त्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी बघून नाडी आणखी पळते. शेवटी ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, असं म्हणून त्या हात सोडतात, तेव्हा काठावर पास झाल्यासारखं वाटतं.

आमची सोसायटी येलहंक्यात, चार मजल्यांची. मी नागपूरचा, नोकरीसाठी इथे आलो आणि चौथ्या मजल्यावर रुजलो. तळमजल्यावरच्या अक्कांचं घराणं मात्र चार पिढ्या बंगळुरातलं. पेशाने त्या डॉक्टर, पण औषध देणाऱ्या नव्हेत. हृदयविकार होऊच नये म्हणून काय करावं, या एका प्रश्नावर त्यांनी जन्म घालवला. तरुणपणी जुन्या येलहंक्यातली कुटुंबं निवडली, आणि तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या दारात जाऊन रक्तदाब, कंबर आणि लोणच्याची बरणी मोजत राहिल्या. निवृत्त झाल्या तरी मोजतातच.

‘बाकीचे डॉक्टर आजारी माणसांच्या मागे असतात,’ त्या सांगतात. ‘मी धडधाकट माणसांच्या मागे.’

हे ऐकून धडधाकट माणूस आधी मागे वळून बघतो. ‘मला काही झालेलं नाही ना, अक्का?’ असं चुकूनही विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं, ‘अजून नाही.’

लिफ्टच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय: ‘लिफ्ट आजारी माणसांसाठी आहे. तुम्ही अजून नाही.’ तो वाचून नव्वद किलोचे गृहस्थही मुकाट्याने जिना चढतात. गेटवरचा वॉचमन मंजुनाथ दुरूनच ‘अक्का बंद्रु!’ म्हणजे अक्का आल्या, असं ओरडतो आणि कट्ट्यावरच्या सगळ्या भज्यांच्या पुड्या पाठीमागे जातात. गणपतीत त्या प्रसादाच्या ताटाजवळ उभ्या राहतात. बोलत काही नाहीत, नुसत्या बघतात. दुसऱ्या मोदकासाठी पुढे झालेला हात तिथूनच वळतो आणि आरतीच्या टाळ्या वाजवायला लागतो.

एकदा मी धीर करून विचारलं, ‘अक्का, इतक्या वर्षांत किती जणांना वाचवलंत?’

‘अय्यो, ते कसं कळणार? ज्याला झालंच नाही, तो पेढे घेऊन कशाला येईल? ज्याला झालं, त्याच्या घरून मात्र फोन येतो.’

या फोनसाठी त्यांच्या शास्त्रात एक शब्द आहे, इव्हेंट. झटका आला तरी इव्हेंट, माणूस गेला तरी इव्हेंट. त्यांच्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे तो रकाना असतो, आणि ज्यांच्यावर कृपा आहे त्यांच्यापुढे लिहिलेलं असतं, अजून नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. माझे बाबा बुटाची लेस बांधताना गेले, पन्नाशीला दोन महिने कमी असताना. मी तेव्हा बारावीत होतो. त्या दिवसापासून मी लेसचे बूट घातले नाहीत, यावरून माझ्या शौर्याची कल्पना यावी. अक्कांनी सोसायटीतल्या सगळ्यांचे फॉर्म भरले तेव्हा त्यांनी विचारलं, ‘वडील कितव्या वर्षी गेले?’ खरं सांगितलं तर त्या काय म्हणतील, या भीतीने मी सांगितलं, ‘एकोणऐंशी.’ अक्कांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग हातातलं पेन बाजूला ठेवून तो आकडा पेन्सिलीने लिहिला.

यंदा मला पन्नास वर्षं पूर्ण व्हायची होती. महिनाभर आधीपासून जिन्याच्या तिसऱ्या वळणावर छातीत दाटायला लागलं. क्षणभर थांबलं की जायचं. मी कुणाला सांगितलं नाही, बायकोला, मीनालासुद्धा. सांगितलं की ते खरं होईल, असं वाटायचं. अक्का दूध आणायला गेल्या की मी खाली उतरायचो आणि त्या पूजेला बसल्या की वर चढायचो. मीनाला वाटलं, मी बाबांच्या वयाला घाबरलोय. ‘एकदा थाटात पन्नाशी केली की जाईल भीती,’ असं म्हणून तिने शनिवारी पाहुणे बोलावले आणि त्या दिवशी दुपारी बाराला अक्कांना व्हॉट्सॲपवर लिहिलं, ‘अक्का, आज आमच्याकडे ह्यांचा छोटासा इव्हेंट आहे. नक्की या.’ वेळ साडेसहाची, हे तिने दुसऱ्या मेसेजमध्ये लिहायला घेतलं. तो पाठवायच्या आत दाराची बेल वाजायला लागली, ती थांबेचना.

दारात अक्का. पायात चप्पल नाही, केस सुटलेले, काखेत रक्तदाबाचं मशीन. आणि त्यांच्या मागे लिफ्टचं दार उघडं. आयुष्यात पहिल्यांदा अक्का लिफ्टने आल्या होत्या.

‘कुठे पडला? झोपवा त्याला! छोटा म्हणजे किती छोटा?’

मी स्टुलावर उभा राहून झेंडूची माळ बांधत होतो. मीना आधी चक्रावली, मग खो खो हसायला लागली. ‘अहो अक्का, इव्हेंट म्हणजे वाढदिवस!’

अक्का हसल्या नाहीत. त्या तिथेच पायपुसण्यावर बसल्या. मी पाणी दिलं तर पेला दातांवर वाजायला लागला. इतकी वर्षं मी ज्या बाईला घाबरत होतो, ती माझ्याहून जास्त घाबरलेली होती.

‘माझा नियम होता,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘घरच्या माणसाला अभ्यासात घ्यायचं नाही. आमचे हे दर आठवड्याला हात पुढे करायचे. सगळ्या गावाची बघतेस, माझी नाडी कधी बघणार? मी म्हणायची, रविवारी. मी बाहेर कुणाची तरी कंबर मोजत होते, तेव्हा फोन आला. तेव्हापासून कुणाचा हात दिसला की धरते मी. नाही राहवत.’

मीनाचं हसणं केव्हाच थांबलं होतं. मला फार लाज वाटली. मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

‘अक्का, मी खोटं बोललो. बाबा पन्नाशीच्या आत गेले. आणि महिनाभर मला जिन्यावर छातीत दाटतंय.’

‘एकोणऐंशी खोटं, ते माहीत होतं,’ अक्का म्हणाल्या. ‘म्हणून तर पेन्सिल. दाटतंय ते मात्र नाही कळलं मला.’ त्या उठल्या. ‘चल हॉस्पिटलात. आत्ता.’

‘संध्याकाळी पाहुणे…’

‘पाहुणे थांबतील. मीना, तुझ्या चपला दे मला.’

मीना माझ्या तपासण्यांची फाइल शोधून मागच्या रिक्षाने येणार होती. आम्ही पुढे निघालो. मोठ्या मापाच्या चपला सावरत अक्का रिक्षात बसल्या आणि ‘बेग होगि, अण्णा,’ म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला घाई केली. मग माझं मनगट धरलं. मला घाम फुटला होता. बाबांची अर्धवट बांधलेली लेस डोळ्यांपुढून हलत नव्हती. सिग्नल गेला, रेल्वेचा पूल गेला, तरी अक्का हात सोडेनात. अर्धं मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं.

‘किती आहे, अक्का?’ मी विचारलं.

‘कोणाला ठाऊक? घड्याळ घरी राहिलं.’

‘मग बघताय काय?’

त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. बोटं तिथेच होती.

‘तू आहेस ते बघतेय,’ अक्का म्हणाल्या. ‘अजून.’