बॉर्डरलाइनची नेमकी बाजू

समाजसेवेचा पहिला नियम असा की सेवा नेहमी दुसऱ्या समाजाची करावी. आपल्याच समाजाची करायला गेलं की माणसं ओळखीची निघतात, आणि ओळखीच्या माणसाला 'तुझं पोट सुटलंय' असं सांगितलं की दिवाळीचं बोलावणं बंद होतं.

या नियमाला अनुसरून टेक्सासमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळाने (गावाचं नाव मंडळाने ठेवलेलं नाही) शेजारच्या वस्तीतल्या लॅटिनो प्रौढांना मधुमेहापासून वाचवायचं ठरवलं. काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाचा, कार्यक्रम तयारच होता. आठवड्याला एक वर्ग, थोडं वजन उतरवायचं, रोज चालायचं, ताटात काय असावं ते बोलायचं. आणि हे सगळं डॉक्टरांनी नाही, तर समाजातल्याच माणसांनी शिकवायचं. कुठल्या समाजातल्या, हे काउंटीने स्पष्ट लिहिलं नव्हतं. ती उणीव मंडळाने भरून काढली.

अध्यक्ष होते निमिषराव खांबेटे, मूळ नागपूरचे, इथे पाइपलाइनचे इंजिनिअर. नळीतून किती दाबाने काय वाहतंय हे ते मैलभर अंतरावरून सांगत. स्वतःच्या नळ्यांचं त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं, कारण ते बॉर्डरलाइनवर होते.

हा शब्द जरा समजून घ्यायला हवा. मंडळात मधुमेह कुणालाच नाही. (मंडळाच्या अंदाजानुसार एक तृतीयांश सभासद बॉर्डरलाइनवर, एक तृतीयांश 'मध्ये होती, आता नॉर्मल आहे' या गटात, आणि उरलेल्यांनी तपासलेलं नाही.) मधुमेह हा आजार असतो, बॉर्डरलाइन हा पत्ता असतो. माणूस तिथे घर बांधून सुखाने राहू शकतो. गोळ्या चालू झाल्या तरी पत्ता बदलत नाही, कारण गोळ्या 'प्रिकॉशन म्हणून' असतात. निमिषरावांचे वडीलही बॉर्डरलाइनवरच होते. नागपुरात त्यांचा पाय गुडघ्याखालून काढला, त्या दिवशीसुद्धा भेटायला आलेल्यांना घरच्यांनी 'शुगर जरा बॉर्डरलाइन होती' असंच सांगितलं होतं.

वर्ग चर्चच्या हॉलमध्ये सुरू झाले. आहार समितीच्या प्रमुख मालिनीकाकूंनी पहिल्याच दिवशी लॅटिनो ताटाची खोलात जाऊन चिकित्सा केली. टॉर्टिया हा कर्बोदकांचा साठा ठरला. (पोळी ही पोळी असते.) भातावर घेवडा घालून खाणं घातक निघालं. (वरणभात सात्त्विक असल्यामुळे या कलमातून वगळला.) लग्नाकार्यात माणसं गोड फार खातात, हे काकूंनी हळहळून सांगितलं आणि वर्गाची सुरुवात शुभ व्हावी म्हणून सगळ्यांच्या हातावर एकेक पेढा ठेवला. चालण्याचं प्रात्यक्षिक बागेत होतं. मंडळाच्या कोचांनी, म्हणजे शिकवणाऱ्या सभासदांनी, हवेतला दमटपणा लक्षात घेऊन बागेला गाडीतून चकरा मारल्या, कारण सावलीतलं पार्किंग मिळाल्याशिवाय चालायला उतरण्यात काही हशील नव्हतं.

निमिषराव हे सगळं मनापासून करत होते, असं सांगितलं तर कुणाला पटणार नाही. पण त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा वसंत ऋतूपासून बधिर होता. चिमटा काढला तरी कळत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी बायकोला, नेत्राला सांगितली नव्हती, डॉक्टरांना तर नाहीच. ते घाबरले होते. वडिलांचा तो पाय त्यांना आंघोळ करताना दिसायचा, मोजे घालताना दिसायचा. तपासणी करावी तर आकडा कळणार, आणि कळला की पत्ता बदलणार. त्यापेक्षा दुसऱ्यांच्या शुगरवर पन्नास स्लाइड बनवणं सोपं होतं, आणि त्यांनी त्या बनवल्या.

कार्यक्रमाचा कळस होता उपवासाचा वर्ग. तो काउंटीच्या पुस्तिकेत नव्हता, काकूंनी घातला. हल्ली सगळं जग इंटरमिटंट फास्टिंग करतंय, आपण तर ते पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय, असं त्यांचं म्हणणं. निमिषरावांनी स्लाइडवर 'फास्टिंग: आमची प्राचीन देणगी' असं लिहिलं. मग पडद्यामागून देणगी बाहेर आली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप, दाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या पुऱ्या आणि श्रीखंड.

वर्गात सेन्योरा ओल्वेरा नावाच्या बाई होत्या, शाळेची बस चालवायच्या. बोलायला मोकळ्या, आणि प्रश्न विचारायची मुलांसारखी सवय. त्यांनी थोडं थोडं सगळं चाखलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "व्हेरी गुड. सो, व्हेन डज द फास्टिंग स्टार्ट?"

काकू प्रेमाने म्हणाल्या, "अहो, हेच फास्टिंग! घ्या ना अजून थोडी."

तरीही कार्यक्रम यशस्वी झाला, हे नमूद केलं पाहिजे. कार्यक्रमाचं वर्ष पूर्ण होताना लॅटिनो सहभागींची वजनं उतरली, शुगरही उतरली. मंडळाच्या अहवालात याचं श्रेय 'आंतरसांस्कृतिक मार्गदर्शनाला' दिलेलं आहे. प्रत्यक्षात खाण्याची वेळ झाली की आग्रह टाळण्यासाठी ती मंडळी बाहेर मैदानाभोवती चालायला जात. घरी त्यांनी कोला बंद केला. पुस्तिकाही त्यांनी वाचली. (कोचांनी वाचली नव्हती, त्यांना शिकवायचं होतं.)

समारोपाला काउंटीची नर्स यंत्र घेऊन आली. निमिषराव नवे बूट घालून भाषणाला उभे राहिले आणि जवळीक साधावी म्हणून म्हणाले, "आय ॲम ऑल्सो लाइक यू. मेनी इयर्स आय ॲम ऑन द बॉर्डरलाइन."

सेन्योरा ओल्वेरांनी हात वर केला. "विच साइड, मिस्टर निमिष?"

हॉल खदखदून हसला. मेक्सिकोच्या सीमेपलीकडून आलेल्या माणसांना हा विनोद कळला. मराठी मंडळीही हसली, थोडी उशिरा. इतक्या वर्षांत हे निमिषरावांना कुणी विचारलंच नव्हतं. ते खाली उतरले, नर्ससमोर बसले आणि बोट पुढे केलं. यंत्राने तीन महिन्यांची सरासरी सांगितली, आठ पूर्णांक नऊ. साडेसहाच्या पुढे बॉर्डर संपते, असं नर्स शांतपणे म्हणाली आणि तिने बूट काढायला सांगितलं.

उजवा मोजा अंगठ्यापाशी रक्ताने भिजला होता.

"अहो, हे कधी झालं?" नेत्रा रांगेतून पुढे येऊन गुडघ्यांवर बसली.

"नवे बूट आहेत गं. दुखत नाहीये."

"म्हणूनच विचारतेय," ती म्हणाली, आणि मोजा हळूहळू सोडवू लागली.

पुढच्या रविवारी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. निमिषरावांचा पाय बँडेजमध्ये होता. पाय राहील, पण आता रोज बघावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. सभेत अध्यक्षांविषयी मनःपूर्वक आदर व्यक्त करण्यात आला, आणि त्या आदरापोटी ठराव मांडला गेला की यापुढे मंडळापुरती बॉर्डरलाइन नऊपर्यंत समजण्यात यावी. मालिनीकाकूंनी अनुमोदन दिलं. "आठ पूर्णांक नऊ म्हणजे काय यार, गणपती नुकते झालेत!"

निमिषराव म्हणाले, "मला डायबेटिस आहे."

मंडळाच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. कुणीतरी पंख्याकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "असं अभद्र बोलू नये, निमिष." मग मतदान झालं. ठराव एका मताचा विरोध नोंदवून मंजूर झाला. ते एक मत अध्यक्षांचं होतं. त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव सन्मानाने मुक्त करण्यात आलं, शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा पुडा देऊन. पुडा त्यांनी टेबलावरच ठेवला आणि नेत्राचा हात धरून बाहेर पडले, जरा लंगडत.

तेव्हापासून अध्यक्षपद रिक्त आहे. उमेदवाराला अनुभवाची अट नाही. त्याने हा वृत्तांत वाचताना दुसऱ्या कुणाची तरी आठवण काढून हसलेलं असावं, आणि स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यात नक्की करायचं ठरवलेलं असावं. वाचकहो, आपला अर्ज मंडळाला आत्ताच पोहोचला आहे.